ठाणे ते बेलापूर, ट्रान्स-हार्बर लोकलने: तीन वर्षांच्या रोजच्या प्रवासानंतरचा अभिप्राय

माझे घर ठाणे पश्चिमेला वसंत विहारच्या बाजूला आहे आणि कार्यालय सीबीडी बेलापूरमध्ये. तीन वर्षांपूर्वी बेलापूरला बदली झाली तेव्हा घरातल्या सर्वांचे एकच सांगणे होते, की लोकलच्या गर्दीत शिरू नकोस, घराजवळून सुटणारी खासगी एसी बस लाव. ते मी ऐकले आणि पहिले पाच महिने बसने गेले. त्यानंतर ट्रान्स-हार्बरचा, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकल मार्गाचा, पास काढला, तो आजतागायत चालू आहे. ठाण्याहून नवी मुंबईचा रोजचा प्रवास ज्यांच्या वाट्याला नव्याने येणार आहे, त्यांना निवड करताना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी बसविषयी थोडे, कारण माझी सगळी तुलना तिच्याशीच आहे. बस स्वच्छ होती, खुर्ची ठरलेली होती आणि चालक सभ्य होते. भरवसा नव्हता तो वेळेचा. कापूरबावडीचा चौक, कळव्याचा पूल आणि विटाव्याचा रेल्वेखालून जाणारा रस्ता यांपैकी एक जरी अडला, तरी एका दिवशी तासाभरात होणारा प्रवास दुसऱ्या दिवशी पावणेदोन तासांवर जाई, आणि जुलैमध्ये विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचले की मग विचारायलाच नको. दोनदा तर मी थांब्यावर उभी असतानाच फेरी रद्द झाल्याचा संदेश मोबाइलवर आला. भाड्याचे पैसे परत मिळाले, पण अर्ध्या दिवसाची रजा गेली ती गेलीच. साडेनऊची बैठक असली की मी पावणेसातलाच घर सोडू लागले होते. मनाला थकवा यायचा तो प्रवासाच्या लांबीमुळे नव्हे, तर आज किती वेळ लागेल हे घरातून निघताना ठाऊक नसल्यामुळे, ही गोष्ट बस सोडल्यानंतर माझ्या लक्षात आली.

ट्रान्स-हार्बरने नेमकी हीच चिंता घालवली. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी आगगाडी ज्या ठाण्याला आली, त्या ठाण्यातून नवी मुंबईला थेट लोकल मिळायला मात्र २००४ साल उजाडले. मुंबईहून नवी मुंबईला जाणारा मानखुर्द-वाशी रेल्वेमार्ग १९९२ मध्ये सुरू झाला होता, पण ठाणेकरांना त्याचा लाभ घ्यायचा तर आधी कुर्ल्यापर्यंत उलटे जावे लागे, नाहीतर बसशिवाय पर्याय नसे. आज ठाण्याच्या पूर्व टोकाच्या नऊ आणि दहा क्रमांकांच्या फलाटांवरून वाशी, नेरूळ आणि पनवेल अशा तीन ठिकाणच्या गाड्या सुटतात. सगळ्या गाड्या प्रत्येक स्थानकावर थांबतात, त्यामुळे जलद की धीमी हा प्रश्नच येत नाही. बेलापूरला जाणाऱ्याने पनवेलची गाडी घ्यावी, ती पाऊण तासाच्या आत पोहोचवते. ती चुकली तर फलाटावर पुढच्या पनवेलची वाट पाहत बसण्याऐवजी आधी येणाऱ्या नेरूळ गाडीत बसावे आणि नेरूळला हार्बर मार्गाची, म्हणजे मुंबईहून येणारी, पनवेल गाडी पकडावी, हे मला पहिल्या दोन महिन्यांत कोणी सांगितले नव्हते. वाशीची गाडी मात्र या कामाची नाही, कारण ती तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण असा, की गाडी ठाण्यातच सुरू होते. मुख्य मार्गावर ठाण्याच्या माणसाला कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या गाडीत स्वतःला कोंबावे लागते, इथे रिकामी गाडी समोर येऊन उभी राहते. पुलाचा जिना जिथे उतरतो, तिथला डबा मिनिटभरात भरतो, परंतु पंचवीस-तीस पावले पुढे चालत जाण्याची तयारी असेल आणि गाडी सुटण्याआधी सात-आठ मिनिटे पोहोचलात, तर सकाळच्या गर्दीतही बसायला मिळते. महिन्यातले चार-पाच दिवस सोडले तर मी बसूनच गेले आहे. उभ्याने जायची वेळ आली तरी ती फार टिकत नाही, कारण ऐरोली, रबाळे आणि घणसोली या तीन स्थानकांवर आयटी कंपन्यांतली मंडळी मोठ्या संख्येने उतरतात आणि कोपरखैरण्यानंतर डबा मोकळा होतो. बसच्या हादऱ्यांत मला वाचता येत नसे. गाडीत रोजची पस्तीस-चाळीस मिनिटे वाचन होते, आणि खात्याची परीक्षा मी याच बाकावर अभ्यास करून दिली.

खिडकी निवडण्याविषयी एक अनुभवाची गोष्ट सांगते. मार्ग साधारण उत्तर-दक्षिण आहे. सकाळी ठाण्याहून निघताना ऊन पूर्वेचे, म्हणजे डाव्या हाताला येते, आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेचे ऊनही डाव्याच हाताला असते. म्हणून उन्हाळ्यात जाताना आणि येताना, दोन्ही वेळा उजवीकडची खिडकी धरावी. पावसाळ्यात हिशेब बदलतो, कारण सरी नैऋत्येकडून येतात. तेव्हा सकाळी डावीकडे आणि संध्याकाळी उजवीकडे बसले तर झडप खाली ओढून कोंदट डब्यात बसावे लागत नाही. शिवाय ती बाजू पारसिकच्या डोंगराची. एरवी हा डोंगर कारखान्यांच्या आणि उच्चदाबाच्या तारांच्या मागे उघडाबोडका उभा असतो, परंतु जुलैत घणसोलीजवळ गवळीदेवच्या बाजूला त्यावर हिरवे चढते, ढग खाली उतरतात, आणि आपण कामावर निघालो आहोत याचा दोन स्थानकांपुरता विसर पडतो.

मी महिलांच्या डब्यातून प्रवास करते, त्यामुळे त्याविषयी अधिकाराने लिहू शकते. संध्याकाळी बेलापूरला येणारी गाडी पनवेलहून भरलेली असते. तिथे चढल्यावर पहिले काम म्हणजे बसलेल्या बायकांना विचारणे, "ताई, कुठे उतरणार?" कोणी कोपरखैरणे किंवा घणसोली म्हटले की ती जागा आपली झाली. मागाहून चढलेली बाई त्या जागेवर हक्क सांगत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तीन वर्षांत तो मोडलेला मी फार तर दोन-तीनदा पाहिला असेल. हिवाळ्यात माझ्यासमोर नेहमी बसणाऱ्या एक काकू मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडतात. पाने डाव्या पिशवीत, देठ उजव्या पिशवीत, आणि रबाळे येईपर्यंत जुडी संपलेली असते. उतरण्यापूर्वी त्या बाकाखाली वाकून पडलेले पान न् पान वेचून घेतात. बदलीनंतरच्या पहिल्या वर्षी आईचे आजारपण चालू होते. तेव्हा मी सलग चार दिवस दिसले नाही, म्हणून पाचव्या दिवशी याच काकूंनी आपणहून चौकशी केली होती. बसमध्ये पाच महिने माझ्या शेजारी कोण बसत होते ते मला आज आठवतही नाही.

आता उणिवा. या प्रवासाचा खरा कस गाडीत लागत नाही, तो ठाणे स्थानकाच्या पुलावर लागतो. पश्चिमेकडून येणाऱ्याला संपूर्ण स्थानक ओलांडून पूर्वेच्या टोकाला जावे लागते, आणि त्याच वेळी कल्याणच्या बाजूने आलेले प्रवासी नवी मुंबईची गाडी पकडण्यासाठी त्याच पुलावर चढत असतात. मी टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस घेते. ती सॅटिसवर, म्हणजे स्थानकाबाहेरच्या उंचावरील बसमार्गावर, वरच सोडते, त्यामुळे एक जिना वाचतो आणि तिथून सरळ पादचारी पुलावर जाता येते. तरीही सकाळी या चालण्याला आठ-दहा मिनिटे धरावीतच. संध्याकाळी ठाण्याला उतरल्यावर पहिला लोंढा जिना चढून जाईपर्यंत मी दोन मिनिटे फलाटावर थांबते. गुडघे दुखणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मूल बरोबर असलेल्यांनी ही दोन मिनिटे अवश्य काढावीत. ऐरोली-कळवा उन्नत मार्ग पूर्ण झाला की कल्याणकडच्यांना ठाण्याला न उतरता थेट नवी मुंबईत जाता येईल आणि या पुलावरचा भार बराच हलका होईल. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेले दिघा गाव स्थानक हा त्याच प्रकल्पाचा भाग आहे. त्या एका थांब्याने विटावा-दिघ्याच्या लोकांची मोठी सोय केली, परंतु मुख्य जोडणीची वाट मी मनापासून पाहते आहे.

बेलापूरच्या टोकाला याच्या अगदी उलट चित्र आहे. नवी मुंबईतल्या रेल्वेच्या खर्चाचा मोठा वाटा हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने उचलला आणि स्थानके शहराबरोबर आखली गेली, त्यामुळे फलाट आणि भुयारी मार्ग प्रशस्त आहेत. कोकण भवनाच्या परिसरात काम असलेल्यांना स्थानकातून चालत जाता येते, रिक्षा लागत नाही. महापे एमआयडीसीत काम करणाऱ्यांचे तसे नाही. त्यांना कोपरखैरणे किंवा घणसोलीला उतरून पुन्हा बस अथवा रिक्षा पकडावी लागते, आणि त्यांनी हा वेळ धरूनच हिशेब करावा. ज्यांचे कार्यालय आणि घर दोन्ही स्थानकापासून लांब आहेत, त्यांना चांगली चालणारी बस अधिक सोयीची पडू शकेल, हेही मी मान्य करते. मेगाब्लॉकमुळे रविवारी कामावर जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून ठेवावे.

खर्चाचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण निर्णय त्यावर घेतला नव्हता. तरीही फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. बसला आठवड्याला जेवढे भाडे जात होते, त्याहून कमी पैशांत द्वितीय श्रेणीचा तीन महिन्यांचा पास निघतो. त्रैमासिक पास मासिक पासाच्या २.७ पट किमतीत मिळतो, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट. म्हणजे सवलतीचे प्रमाण तिन्हींत सारखेच आहे, आणि लांबच्या मुदतीचा पास घेण्यात फायदा एवढाच, की रांगेत कमी वेळा उभे राहावे लागते. बेलापूरला किती दिवस राहणार हे ठाऊक नव्हते, म्हणून आजवर मी तीन-तीन महिन्यांचाच पास काढत आले. मार्चमध्ये ठाण्याला परत बदली मागण्याचा अर्ज भरायची वेळ आली होती, पण तो मी भरला नाही. चालू पास पुढच्या गुरुवारी संपतो आहे आणि या खेपेस सहा महिन्यांचा काढणार आहे.