१८५ डबे आणि आवाज नसलेली रोमी श्नायडर

संकलनाच्या खोलीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. म्हणून अर्धवट राहिलेल्या सिनेमाचा विषय निघाला की मला दिग्दर्शकाआधी त्याच्या फिल्मचे डबे आठवतात. २००९ सालचा ‘आंरी-जॉर्ज क्लूझोचा लांफेर’ हा फ्रेंच माहितीपटही डब्यांपासूनच सुरू होतो. फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोच्या ‘लांफेर’ या अर्धवट राहिलेल्या सिनेमाची ही गोष्ट. सर्ज ब्रॉमबर्ग हा जुन्या फिल्म शोधून वाचवणारा माणूस. क्लूझोच्या पत्नी इनेस यांच्याबरोबर तो लिफ्टमध्ये अडकला, गप्पा सुरू झाल्या, आणि १९६४ पासून पडून असलेले त्या सिनेमाचे १८५ डबे उघडण्याची वाट मोकळी झाली. रुक्सांद्रा मेद्रेआ यांना सोबत घेऊन त्याने हा माहितीपट केला.

‘लांफेर’ म्हणजे नरक. हॉटेल चालवणारा एक नवरा बायकोवर संशय घेत घेत वेडाच्या कडेला जातो, एवढीच गोष्ट. रोजचं जगणं कृष्णधवल आणि त्याच्या डोक्यातलं रंगीत, असं क्लूझोने ठरवलं होतं. भ्रमात तळ्याचं पाणी रक्तासारखं लाल दिसायला हवं होतं. त्यासाठी लॅबमध्ये रंग उलटवायचे. मग माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसावेत म्हणून मेकअपच उलट्या रंगांचा करायचा!

चित्रीकरणाआधी घेतलेल्या अशा रंगांच्या आणि दिव्यांच्या चाचण्यांचं फुटेज बघताना मी श्वास रोखून बसले होते. बायकोची भूमिका करणारी अभिनेत्री रोमी श्नायडर, तिचा चेहरा स्थिर आहे आणि दिवे तिच्याभोवती फिरताहेत. ती काहीच करत नाही. तरी उजेड गालावर आला की ती हसल्यासारखी वाटते आणि हनुवटीखाली उतरला की तीच क्रूर दिसते. संशयी माणसाला बायकोचा चेहरा कसा दिसत असेल, ते एका संवादाशिवाय कळतं.

अशा चाचण्या बघूनच कोलंबिया या अमेरिकन सिनेमा कंपनीने क्लूझोला हवा तेवढा पैसा देऊ केला, आणि माझ्या मते घात तिथेच झाला. चित्रीकरण जिथे होतं ते फ्रान्समधल्या गाराबीच्या रेल्वेपुलाखालचं तळं धरणाचं होतं. ते ठरलेल्या तारखेला रिकामं होणार होतं, म्हणून वेळ वाचवायला चित्रीकरणाची तीन युनिटं ठेवली. प्रत्यक्षात क्लूझो एकाच युनिटबरोबर तोच तो शॉट पुन्हा पुन्हा घेत राहिला आणि बाकीचे वाट बघत बसले. जे घेतलंय ते पुरेसं आहे, असं त्याला सांगणारं कुणी नव्हतं. नवऱ्याची भूमिका करणारे सर्ज रेजियानी आजारी पडून निघून गेले. त्यांच्या जागी बोलावलेले ज्याँ-लुई त्रँतिन्याँ एकही शॉट न देता परतले. अखेर होडीतलं दृश्य चित्रित करताना क्लूझोला हृदयविकाराचा झटका आला आणि काम थांबलं ते कायमचं.

तेव्हाचे सहकारी माहितीपटात म्हातारे झालेले दिसतात आणि फार जपून बोलतात. कोणी क्लूझोला खलनायक ठरवत नाही, हे मला आवडलं.

अडचण आवाजाची होती. रशेसना, म्हणजे संकलन न झालेल्या मूळ चित्रीकरणाला, संवादांचा ट्रॅकच नाही. म्हणून बेरेनीस बेजो आणि जाक गांब्लँ या कलाकारांकडून काही प्रसंग रिकाम्या मंचावर करून घेतलेत. दोघंही उत्तम आहेत, पण हे तुकडे मला थोडे जास्त वाटले. गोष्ट समजायला ते लागतात, मान्य. तरी रोमीच्या चेहऱ्यावरून कट होऊन तिथे गेलं की प्रत्येक वेळी लय तुटते. मी निम्मे ठेवले असते.

तरीही हा माहितीपट जरूर बघा, विशेषतः सिनेमाच्या कामात असाल तर. क्लूझोचा सिनेमा आपणच पूर्ण केला, असा आव तो कुठे आणत नाही. सापडलेलं सापडलेल्या अवस्थेतच समोर ठेवतो, शॉटच्या सुरुवातीला दाखवतात त्या क्लॅपच्या पाटीसकट. शक्य असेल तर दिव्यांच्या चाचण्या दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. ते दिवे पुन्हा फिरायला लागतील आणि तुम्ही तिच्या डोळ्यांत काहीतरी शोधत बसाल, त्या नवऱ्यासारखेच.