लॅन्सडाउन: शांतता भरपूर, गरम पाणी अर्धी बादली

मसुरीची गर्दी नको म्हणून यंदा उत्तराखंडातल्याच लॅन्सडाउनला गेलो, कोटद्वारपर्यंत रेल्वे आणि पुढे चाळीसेक किलोमीटर शेअर जीप, वळणं इतकी की बायकोने आलेपाकाचा अख्खा पुडा संपवला. गाव मुळात लष्करी छावणी, १८८७ पासून गढवाल रायफल्स या रेजिमेंटचं, त्यामुळे रस्ते चकाचक आणि बाजार एवढुसा.

होमस्टेची खोली स्वच्छ, रजई एवढी जड की कूस बदलायला दोघं लागतात. पण गीझर लाईट असेल तरच, सकाळी अर्धी बादली कोमट पाणी, आणि बुकिंगच्या फोटोतली बर्फाची शिखरं खिडकीतून दिसतच नाहीत हो, समोर शेजाऱ्याची पाण्याची टाकी! मालक म्हणाले टिप इन टॉप या व्ह्यू पॉइंटला जा, पहाटे गेलो, अर्धा तास नुसतं धुकं, मग पाचच मिनिटं चौखंबा हे बर्फाचं शिखर दिसलं आणि माझी चिडचिड तिथेच गेली.

जेवण मात्र एक नंबर. मंडव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीचीच की, वर तुपाचा गोळा, सोबत गहतची डाळ, म्हणजे कुळीथ, कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखंच वाटणार. भुल्ला ताल हा तलाव ठीकठाक, तासाभराचं काम.

जाणार असाल तर वरच्या मजल्यावरची खोली मागा, आणि बादली रात्रीच भरून ठेवा.