मोटर न बदलता वायपर दुरुस्ती: धुळ्याच्या साक्री रस्त्यावरील एका ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम

धुळे शहरात साक्री रस्त्याला लागून वाहनदुरुस्तीची जी लहानलहान दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानात आमच्या 2007 सालच्या पेट्रोल मोटारीचे वायपर अलीकडेच दुरुस्त करून घेतले. दुकानावर मालकाचे नाव नाही. पत्र्यावर ‘सेल्फ, डायनामो, वायपर मोटर’ एवढेच रंगवलेले आहे, आणि हा अभिप्राय त्यांतील शेवटच्या कामापुरताच आहे.

वायपरचे दुखणे दुहेरी होते. पहिल्या गतीवर ब्लेड ओल्या काचेवरसुद्धा रखडत चालत आणि जोराची सर आली की मध्येच थबकत; शिवाय बटण बंद केल्यावर ते खाली आपल्या जागी जाऊन न बसता जिथे असतील तिथेच थांबत. साक्रीहून नवापूरकडे जाताना कोंडाईबारीच्या घाटात पुढचा ट्रक चिखलपाण्याचा फवारा काचेवर मारतो तेव्हा असे वायपर म्हणजे नसल्यासारखेच. दुसरीही निकड होती. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 101 प्रमाणे पुढची काच असलेल्या मोटारीला यंत्रशक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गाडी दाखवली असता बॉनेट न उघडताच ‘मोटर गेली, नवी टाका’ असे सांगण्यात आले होते. त्याच ठिकाणी कधीतरी फ्यूज बदलताना ठरलेल्या क्षमतेपेक्षा मोठा फ्यूज बसवला गेला होता, हेही साक्री रस्त्यावरच्या या कारागिरानेच प्रथम लक्षात आणून दिले आणि काही करण्यापूर्वी तो काढून योग्य अँपिअरचा फ्यूज बसवला. वायपर अडकला तर फ्यूज जळावा आणि वायर वाचावी अशी ती रचना असते. मोठा फ्यूज टाकला की क्रम उलटतो आणि आधी डॅशबोर्डमागची वायर तापते. जुन्या गाड्यांमध्ये हा प्रकार फार आढळतो.

या कारागिराची खरी किंमत त्याच्या तपासणीच्या क्रमात आहे. त्याने प्रथम काचेवर पाणी ओतले, कारण कोरड्या काचेवर वायपर चालवून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. मग दोन्ही दांड्या काचेपासून उचलून वायपर चालवून पाहिले. असे केल्यावर गती एकदम सुधारली तर दोष ब्लेडच्या घर्षणाचा धरावा, अन्यथा पुढे शोधावे, हे त्याने काम करता करता सांगितले. आमच्या गाडीत फरक अगदी नाममात्र पडला. त्यानंतर इंजिन चालू ठेवून त्याने मीटरने बॅटरीचा दाब मोजला, तो 14 व्होल्टच्या आसपास होता. परंतु वायपर चालत असताना मोटरच्या प्लगपाशी मोजला तेव्हा काटा 11 च्याही खाली होता. ‘मोटर चांगली शे भाऊ, तिले करंटच भेटत नही,’ हे त्याचे त्या वेळचे निदान, आणि ते बरोबर निघाले.

मधला दाब कुठे गळतो हे शोधण्याची त्याची पद्धत प्रत्येक जुन्या मोटारीच्या मालकाने पाहून ठेवावी अशी आहे. मीटरची एक पिन मोटरच्या धातूच्या अंगाला आणि दुसरी थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावून वायपर चालू केला. अर्थिंग, म्हणजे मोटरमधून वीज पत्र्यामार्फत बॅटरीकडे परत जाण्याची वाट, चांगले असेल तर तिथे जेमतेम एखाद-दोन दशांश व्होल्ट दिसले पाहिजेत. आमच्याकडे दोन व्होल्टहून अधिक दिसले. लगेच त्याने एक जाड वायर मोटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत हाताने धरली आणि रखडणारे ब्लेड काचेवर सपासप फिरू लागले. मोटर ज्या बोल्टने पत्र्याला कसलेली असते त्या बोल्टखाली गंज आणि रंगाचा थर बसला होता, एवढाच तो मामला. पत्रा घासून चकचकीत केला, नवीन वॉशर व रिंग टर्मिनल टाकले आणि अर्थिंगची वेगळी वायर जोडून दिली. ज्या दोषासाठी नवी मोटर सुचवली गेली होती, तो एवढ्यावर निम्म्याहून अधिक मिटला.

उरलेला जडपणा लिंकेजमध्ये, म्हणजे मोटरची गती वायपरच्या दांड्यांपर्यंत नेणाऱ्या सांधेजोडीत होता. काचेखालची जाळी काढून त्याने लिंकेज मोटरच्या क्रँकपासून सोडवले आणि दांड्या हाताने हलवून दाखवल्या. चालकाच्या बाजूचे स्पिंडल, म्हणजे ज्यावर वायपरची दांडी बसते तो फिरता आस, चक्क दोन बोटांनी हलेना. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बॉनेटखाली जी भट्टी पेटते तिच्यात ग्रीस वाळून त्याचा डिंक होतो, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि पावसाचे पाणी झिरपून आत गंज धरतो. स्पिंडल बाहेर काढून रॉकेलने धुतले, बारीक पॉलिश पेपर मारला, नवे ग्रीस भरले आणि वरची फाटलेली रबरी टोपी बदलली. लिंकेजच्या सांध्यातील नायलॉनचे बुश मात्र ठीक निघाले. ते झिजून निसटले की मोटरचा आवाज येतो पण वायपर हलत नाही, किंवा दोहोंपैकी एकच हलतो, तेव्हा तशी लक्षणे असणाऱ्यांनी मोटरकडे वळण्याआधी ते बुश आणि दांडीच्या मुळाशी असलेला नट पाहावा.

वायपर मध्येच थांबण्याचे कारण वेगळे होते आणि त्यासाठी मोटरच्या गिअरचे झाकण उघडावे लागले. आपण बटण बंद करतो तेव्हा मोटर लगेच थांबत नाही. गिअरवरील तांब्याच्या पट्टीतून तिला दुसऱ्या वाटेने वीज मिळत राहते, ब्लेड खाली पोहोचताच ही वाट तुटते आणि मोटर जागीच थांबते. आमच्या मोटरमध्ये त्या पट्टीवर कडक झालेले ग्रीस व कार्बन साचून संपर्क तुटक झाला होता. स्वच्छ करून संपर्काची जीभ किंचित वाकवली आणि काम झाले. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश मात्र पुरेसे शिल्लक होते, म्हणून ते बदलण्याचा आग्रह त्याने धरला नाही, हे विशेष नमूद करतो. शेवटी मोटर एकदा चालवून, तिला स्वतःच्या विश्रांतीच्या जागी थांबू देऊन, मगच दांड्या बसवल्या. उलट क्रमाने केले तर ब्लेड एकमेकांवर किंवा काचेच्या कडेच्या पत्र्यावर आपटतात.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने बंद पडलेले पाणी फवारण्याचे नोझल त्याने बारीक तारेने मोकळे करून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. टाकीत फिल्टरचे पाणी भरा, ही सूचना त्याने दोनदा केली.

आता उणिवा. काम सुबक असले तरी संथ आहे; सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी मिळेल या भरवशावर कोणी बाहेरगावचा कार्यक्रम ठरवू नये. मजुरी व सामान मिळून 850 रुपये झाले, ते वाजवीच वाटले, परंतु छापील बिल मिळत नाही आणि हमीही तोंडीच असते. सर्वांत मोठी तक्रार ब्लेडची आहे. त्याच्याकडचे स्वस्त ब्लेड पहिल्या पावसातच काचेवर पट्टे ओढू लागले, आणि शेवटी ते फेकून स्पेअरच्या दुकानातून जुन्यांची लांबी टेपने मोजून चांगले ब्लेड आणावे लागले. नव्या ब्लेडनंतरही काचेवर थरथर जाणवली तर काचेवरचा तेलकट थर आधी धुवावा. तरीही ती राहिली तर दांडीला आलेला पीळ काढून घ्यावा, म्हणजे रबर काचेला काटकोनात टेकते.

पाचांपैकी चार गुण देतो. पाचवा ब्लेडपायी गेला. जायचेच असेल तर मे महिन्यात जावे, कारण पहिला पाऊस पडला की त्या दुकानापुढे पिकअप आणि छोट्या टेंपोंची रांग लागते. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असलेल्या नव्या गाड्या तो घेत नाही आणि तसे दारातच स्पष्ट सांगतो.