आठ महिने तोंडी रिपोर्ट: चूक बोलूनच दुरुस्त होते का?

दिवाळीनंतर घेतलेलं मेडिकल डिक्टेशन सॉफ्टवेअर रोज वापरून आता आठ महिने झाले. मी मिरजेत रेडिओलॉजिस्ट आहे. सोनोग्राफी, सीटी, एक्स-रे, सगळे रिपोर्ट इंग्रजीत असतात आणि आता ते मी बोलूनच लिहिते. डेमोच्या वेळी विक्रेत्यानं अचूकतेचा टक्का तीनदा ऐकवला होता. शंभरातले किती शब्द बरोबर उमटतात हे बघावंच, पण घेण्याआधी त्याहून महत्त्वाचं एक विचारा: जो शब्द चुकेल तो माऊसला हात न लावता दुरुस्त करता येतो का? येतो. पण ते शिकावं लागतं, आणि शिकवायला कुणी येत नाही.

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून या सगळ्या भागाला दुखण्याखुपण्यात मिरज गाठायची सवय आहे. जत, कवठेमहांकाळ, अथणी, चिक्कोडीकडची माणसं पहाटेची गाडी धरून येतात आणि परतीच्या गाडीआधी त्यांना रिपोर्ट हातात हवा असतो. आमचे टायपिस्ट काका वीस वर्षं हे सांभाळत होते. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि आम्ही सॉफ्टवेअर घेतलं.

पहिला महिना मी एकेक शब्द सुटा बोलत होते आणि तिथंच चुकत होते. फार पूर्वीच्या ‘ड्रॅगनडिक्टेट’ या डिक्टेशन सॉफ्टवेअरला तसं बोलावं लागे, १९९७ साली ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ आलं, तेव्हापासून सलग बोलता येतं. ही सॉफ्टवेअर शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधतात. नुसतं ‘इलियम’ म्हटलं तर ते आतड्याचं की कमरेच्या हाडाचं हे कळायला मार्ग नाही, दोन्हींचा उच्चार एकच. ‘टर्मिनल इलियम’ एका दमात म्हटलं की बरोबर आतड्याचं स्पेलिंग येतं. म्हणून आता पूर्ण वाक्य मनात जुळवायचं, मग तोंड उघडायचं.

कमांडचं तंत्र याच्या उलट आहे. कमांडच्या आधी थांबायचं, नंतर थांबायचं, मध्ये अजिबात थांबायचं नाही. ‘स्क्रॅच’ म्हणून क्षणभर अडखळलात तर रिपोर्टात ‘स्क्रॅच’ असा शब्द उमटतो. नीट म्हटलेलं ‘स्क्रॅच दॅट’ शेवटच्या दोन थांब्यांमधलं सगळं पुसतं, नुसता शेवटचा शब्द नाही. लांबलचक वाक्य एका श्वासात बोलून शेवटी चुकलात तर अख्खं वाक्य जातं. तिथं ‘सिलेक्ट’ कामाला येतं: ‘सिलेक्ट लोअर पोल’ म्हटलं की ते दोन शब्द निळे होतात, वर ‘अपर पोल’ म्हटलं की बदल झाला. मोठा तुकडा हवा असेल तर पहिला आणि शेवटचा शब्द सांगून मध्ये ‘थ्रू’ म्हणायचं. एका वेळी निदान दोन शब्द निवडायची सवय लावा. एकटा ‘किडनी’ निवडायला गेलं तर पानावर चार किडन्या असतात आणि भलतीच निळी होते.

‘करेक्ट’ ही कमांड मला तिसऱ्या महिन्यात समजली. चुकीच्या शब्दावर नवा शब्द बोलला तर तेवढ्यापुरतं काम होतं. ‘करेक्ट’ म्हणून समोर आलेल्या यादीतला बरोबर पर्याय निवडला, किंवा अक्षरं सांगून दिला, तर सॉफ्टवेअर तुमचा उच्चार शिकतं. माझा ‘व्ह’ आणि ‘डब्ल्यू’ एकच आहे, आपल्याकडे बहुतेकांचा असतोच. महिनाभर चिकाटीनं ‘करेक्ट’ वापरल्यावर ‘वॉल थिकनिंग’ हे शब्द चुकीचे उमटायचा त्रास जवळपास संपला.

आता खरी काळजीची गोष्ट. जानेवारीत एका पोटाच्या सोनोग्राफीत मी ‘नो फ्री फ्लुइड’ म्हणाले आणि कागदावर आलं ‘फ्री फ्लुइड’. माईक सुरू होता होता मी बोलायला लागले होते, पहिलाच छोटा ‘नो’ गिळला गेला. स्पेलिंग तपासणारं काहीही ही चूक पकडत नाही, कारण वाक्य शुद्ध आहे. पोटात पाणी नसलेल्या माणसाच्या रिपोर्टात पाणी आलं. सहीआधी दिसलं म्हणून वाचलो. हायपो आणि हायपर, फिफ्टीन आणि फिफ्टी, मिलिमीटर आणि सेंटिमीटर, सगळ्या याच जातीच्या चुका. तेव्हापासून ‘नो’नं वाक्य सुरूच करत नाही. ‘फ्री फ्लुइड इज नॉट सीन’ म्हणते. नकार वाक्याच्या पोटात असला की सहसा हरवत नाही. खड्याचं माप एक-पाच असं अंक सुटे करून सांगते.

नॉर्मल रिपोर्टचा साचा एका कमांडवर येतो, ‘नेक्स्ट फील्ड’ म्हणत रिकाम्या जागा भरत जायचं. वेळ भरपूर वाचतो. पण ज्या बाईंचं पित्ताशय काढलंय त्यांच्या रिपोर्टातही साचा पित्ताशय नॉर्मल म्हणूनच लिहितो. म्हणून त्या ओळीत मी मुद्दाम रिकामा चौकोन ठेवलाय, भरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

तक्रारी दोन. कॉम्प्युटरवरच्या आमच्या रिपोर्टिंगच्या खिडकीत ‘सिलेक्ट’ चालतच नाही, आधी वेगळ्या डिक्टेशन बॉक्समध्ये बोलून मग मजकूर पाठवावा लागतो. हे विकताना सांगितलं नव्हतं. तुम्ही घ्याल तेव्हा डेमो स्वतःच्याच मशीनवर मागा. दुसरी इंटरनेटची. पावसात लाइन मंदावली की शब्द दोन-तीन सेकंद उशिरा उमटतात. शब्द दिसायच्या आत मी कमांड देत नाही.

पेशंट टेबलावर असताना डिक्टेट करता येईल, एका हातात प्रोब आणि तोंडानं रिपोर्ट, हे मला सुरुवातीला फार आवडलं होतं. मार्चमध्ये अथणीच्या बाजूच्या एका आजींची तपासणी करताना मी जुन्या सवयीनं ‘नो मास लेजन’ म्हणाले. आजींनी माझं मनगटच धरलं. “डॉक्टर, मास म्हंजी गाठ न्हवं? माज्या बहिणीला बी ह्योच शबुद सांगितला हुता.” त्यांनाही ‘नो’ ऐकूच आला नव्हता. गाठ नाही, काही नाही, हे मी तीनदा सांगितलं तरी त्यांचा हात थरथरत होता. पुसायला दिलेला टिश्यू तसाच मुठीत धरून त्या उठल्या. त्या दिवसापासून पेशंट खोलीबाहेर गेल्याशिवाय माईक सुरू करत नाही. दर पेशंटमागं दोन मिनिटं जास्त जातात, ती जाऊ देत.

पुढच्या वर्षाची वर्गणी मी भरली आहे. काकांना नवीन चष्मा लागला, आता ते संध्याकाळी दोन तास येतात आणि दिवसाचे सीटी रिपोर्ट मोठ्यानं वाचतात. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, “मॅडम, वर उजवी किडनी म्हणताय आणि खाली निष्कर्षात डावी, कुठली धरू?” इमेज उघडून पाहिली. उजवी होती. मी माईक घेतला आणि म्हणाले, ‘सिलेक्ट लेफ्ट किडनी’.