‘इंग्लंडचे जुने व्हॉल्व्ह’ आणि माझे २४ हजार

आमच्याकडं कोल्हापुरात माणूस गुजरीत अर्धा तोळा सोनं घ्यायला गेला तरी चार दुकानं फिरतो, घडणावळीवरून घासाघीस करतो. मी मात्र काचेच्या पाच नळ्यांसाठी एकाला २४ हजार रुपये देऊन मोकळा झालो. तेही राजारामपुरीत माझ्याच घरी, वर चहा पाजून.

माझ्याकडं गिटारचा ५० वॅटचा जुना व्हॉल्व्ह अँप आहे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर, व्हॉल्व्हवर, चालणारा अँप्लिफायर. स्पीकरकडं, आउटपुटला ईएल३४ जातीच्या व्हॉल्व्हची जोडी, त्याच्या आधीच्या टप्प्यांत तीन छोटे ईसीसी८३. हेच ईसीसी८३ अमेरिकन नावानं १२एएक्स७ म्हणून विकले जातात. गेल्या पावसाळ्यात अँप खरखरायला लागला. गिटारची वायर काढली तरी थांबेना, तेलात मोहरी तडतडावी तसा मधूनच आवाज. ओळखीच्या एका कीबोर्डवाल्यानं या गृहस्थाचा नंबर दिला.

आला तो नीटनेटका, बोलायला गोड. मागची जाळी काढून व्हॉल्व्हच्या डोक्यावर टॉर्च मारला आणि म्हणाला, “भावा, ही चंदेरी झाक बघ, पातळ झालीया. पाचही गेलेत.” ती झाक म्हणजे गेटर, आत उरलेला वायू शोषून घेणारा लेप. काचेला चीर जाऊन हवा शिरली की तो पांढराफटक पडतो, तेव्हा व्हॉल्व्ह मेला हे नक्की. पण झाक लहान आहे का मोठी, यावरून काहीच ठरत नाही. कंपनीगणिक ती वेगळी असते. ही अक्कल मला नंतर आली.

मग त्यानं बॅगेतून खोकी काढली. मुलार्ड! इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला माल, १९६२ चा, एकदाही न वापरलेला. गिटारवाल्यापुढं हे नाव काढलं की त्याचं डोकं चालायचं थांबतं, माझंही थांबलं. “मॅच्ड पेअर आहे, बायसला हात लावायला लागत नाही. घाल आणि वाजव.” मॅच्ड पेअर म्हणजे सारखाच करंट ओढणारी जोडी, आणि बायस म्हणजे आउटपुटच्या व्हॉल्व्हमधून काही वाजत नसताना किती करंट वाहावा, त्याची सेटिंग. जोडीचे १६ हजार, तीन ईसीसी८३ चे ९ हजार. माझे जुने पाच “भंगारच, पण तुझ्यासाठी” म्हणून हजाराला वळते केले. १० हजार रोख दिले, १४ हजार फोनवरून. पैसे पाठवताना भलत्याच बाईचं नाव दिसलं, तर म्हणाला वहिनीचं खातं आहे. बिल नंतर पाठवतो म्हणाला.

खरखर गेली. तीन आठवडे मी भेटेल त्याला ‘ब्रिटिश टोन’ ऐकवत होतो. खोटं कशाला बोलू, मला तो खरंच ऐकू येत होता.

दसरा चौकातल्या एका कार्यक्रमात चौथ्या गाण्याला सहज मागं बघितलं. व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी उजेड असतो, तो हीटरचा, त्यात काही वावगं नाही. इथं एका व्हॉल्व्हचा आतला राखाडी पत्राच निखाऱ्यासारखा लाल झाला होता. स्विचपर्यंत हात जाईपर्यंत फ्यूज उडाला.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडं गेलो. अँपच्या आधी त्यांनी खोकं हातात घेतलं. “बासष्ट सालचं ना? मग हा बारकोड कुठनं आला?” दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो १९७४ मध्ये, अमेरिकेत. खोक्याच्या बाजूला एक पांढरा स्टिकर होता, काकांनी तो नखानं उचकटला. खाली छापलेलं होतं, मेड इन रशिया.

मुलार्ड हे नाव आता रशियातल्या सारातोव्हला बनणाऱ्या व्हॉल्व्हवर येतं. तो माल उघडपणे, आपल्या किमतीत विकला जातो, त्यात फसवणूक काही नाही. पण माझ्या खोक्यात तोही नव्हता. काकांनी काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, तर पांढऱ्या छपाईखाली आधीची पुसलेली अक्षरं दिसली. पिनांवर सॉकेटचे ओरखडे होते, म्हणजे न वापरलेल्याची गोष्ट तिथंच संपली. जुन्या अस्सल मुलार्डच्या काचेवर बुडाशी बारीक फिकट कोड असतो आणि त्याच्या दुसऱ्या ओळीची सुरुवात ब्लॅकबर्नच्या ‘बी’नं होते. इथं काच कोरी होती.

नवा फ्यूज घालून काकांनी घाईघाईनं करंट मोजला. एकाचा ३१ मिलिअँपिअर, दुसऱ्याचा ५८. प्लेटला (तोच आतला राखाडी पत्रा) ४५० व्होल्ट, म्हणजे दुसरा २६ वॅटला पोचलेला. ईएल३४ ची मर्यादा २५ आणि बायस लावतात तो साधारण तिच्या ७० टक्क्यांवर. “ही जोडी व्हय? एक बैल उधळलाय, दुसरा बसलाय,” काका म्हणाले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर वाचला हे नशीब.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचंच. मूळची खरखर बहुतेक एकाच ईसीसी८३ ची होती. चांगला म्हणून खात्री असलेला एक ईसीसी८३ घ्यायचा, अँप बंद करून, व्हॉल्व्ह गार झाल्यावर एकेका जागी घालून बघायचा. ज्या जागी आवाज थांबला तिथला आजारी. त्याला बायस लावायला लागत नाही. ईएल३४ बदलले तर मात्र लावायलाच लागतो, आणि ते काम जाणकाराचं. विजेची वायर काढून ठेवली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात, तेव्हा घरी पेटी उघडून बोटं घालू नका.

त्या गृहस्थाला फोन केला तर आधी बाहेरगावी होता, मग फोनच बंद. बिल नाही, मग भांडायचं कशाच्या जोरावर? आता स्लोव्हाकियात बनलेली जोडी बिलासकट मागवली आहे. काकांनी ३६ मिलिअँपिअरवर बायस लावून दिला.

मी हजाराला दिलेली जोडी धडधाकट होती. दोन्हींच्या काळ्या बुडावर आधीच्या मिस्त्रीनं निळ्या मार्करनं ३७ लिहिलंय आणि एकाच्या मधल्या खुंटीचा टवका उडालाय. कोल्हापूर-सांगलीकडं कुणी तुम्हाला न वापरलेले इंग्लंडचे ईएल३४ दाखवले तर खोक्यातून काढून आधी बूड बघा. ३७ दिसलं तर मला कळवा.