इंजेक्टर क्लीनर: इंजिन शांत झालं, अॅव्हरेज जिथल्या तिथे

कासारवडवली ते ठाणे स्टेशन हा माझ्या वॅगनआरचा रोजचा रस्ता. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडला गाडी चालते कमी, उभीच जास्त राहते. अशा रखडत्या चालीत पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी आणि सिलिंडरमध्ये हवा घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन धरतो. गाडी २०१४ची, बीएस-४. सिग्नलला एसी लावून उभी असली की स्टिअरिंग थरथरायचं. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, तरी तेच.

वागळे इस्टेटच्या स्पेअरपार्टच्या दुकानात पेट्रोलमध्ये ओतायच्या इंजेक्टर क्लीनरच्या बाटल्यांची रांगच आहे. मी एवढंच पाहिलं, घटकांत पॉलीइथरअमाईन म्हणजे पीईए आहे का. ज्वलनाच्या उष्णतेत टिकून घट्ट बसलेला कार्बन सोडवणारं डिटर्जंट ते. क्लीनर म्हणून ऑक्टेन बूस्टर कृपया घेऊ नका. ऑक्टेनने नॉकिंग, म्हणजे इंजिनातली खटखट, थांबतं, घाण निघत नाही. त्यातून मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असलेले बूस्टर उलट प्लगवर थर सोडतात.

टाकी तळाला आल्यावर बाटली ओतली, मग फुल केली आणि नाशिक हायवेला पडघ्यापर्यंत मोकळी पळवली. टाकी संपत आली तोवर थरथर जवळजवळ गेली होती. सकाळी स्टार्ट करताना इंजिन अडखळायचं, तेही थांबलं. पीयूसीला, त्याच सेंटरवर आणि इंजिन तसंच गरम असताना, हायड्रोकार्बन १६० पीपीएमच्या आसपास यायचं ते शंभराच्या खाली आलं. मर्यादा २००ची, म्हणजे गाडी आधीही पासच होत होती. पण सिग्नलला मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या नाकात न जळलेलं पेट्रोल कमी जातंय, याचं मला खरंच बरं वाटलं.

अॅव्हरेज एकाच पंपावर फुल टू फुल मोजलं. तेराच्या आगेमागे होतं, तिथेच राहिलं. ई२०मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, अॅव्हरेज पडलंय म्हणून कुणी बाटली घेणार असेल, तर पैसे वाचवा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. ती डिटर्जंट कुठून आणणार?

डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, त्यामुळे इंजेक्टर साफ होतील, व्हॉल्व्ह नाही. गाडी नवी असेल आणि हायवेलाच पळत असेल तर याची गरज नाही. माझ्यासारख्या जुन्या एमपीएफआय गाडीला, जिथे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधीच फवारलं जातं, मात्र मी बिनदिक्कत सुचवेन. पुढची बाटली ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत घालणार आहे, कारण सुटलेल्या घाणीचा काही भाग ऑइलमध्ये उतरतो.