पॅटरसनचं पेरूव्हियन हॉटेल: आठ महिने, सोळा बिलं आणि चटणीचे पाऊण डॉलर

गेल्या शनिवारचं बिल अजून पाकिटात आहे. अख्खी कोंबडी, दोन प्लेट तळलेला युका नावाचा कंद, बायकोचा भाज्या घातलेला चाउफा (पेरूचा फ्राइड राइस), जांभळ्या मक्याचं सरबत, आणि सगळ्यात खाली एक ओळ, जी आठ महिन्यांत कधी नव्हती: हिरवा सॉस, ४ नग, ३ डॉलर. म्हणजे वाटीला पाऊण डॉलर. वाटी कसली, खोकल्याच्या औषधाच्या टोपणापेक्षा जरा मोठी, झाकणवाली प्लॅस्टिकची डबी.

पॅटरसनच्या मार्केट स्ट्रीटवरचे पार्किंगचे हाल, पाव-अर्धी-अख्खी कोंबडीचे भाव, सोबत काय काय येतं, हे न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना पाठ आहे, ते परत लिहीत नाही. ‘पेरूच्या हॉटेलात पेरू मिळतो का’ हा विनोदही आमच्याकडे सगळ्यांचा करून झालाय, मामांचा दोनदा. हॉटेलाचं नाव देत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

आम्ही पार्सिपनीला राहतो. रूट ८० नं पंचवीस मिनिटं. पहिल्यांदा गेलो ते फेब्रुवारीत, पाहुण्यांना पॅसेइक नदीचा धबधबा दाखवायला. सत्त्याहत्तर फुटांवरून पाणी पडत होतं आणि आमचे दात वाजत होते. गाडीकडे येताना कोळशावर भाजणाऱ्या कोंबडीचा वास आला आणि पुढचं कुणी कुणाला विचारलं नाही. तेव्हापासून दर दुसरा शनिवार.

पॅटरसन म्हणजे गिरण्यांचं गाव, एकेकाळी रेशमासाठी नावाजलेलं. पेरूची माणसं इथे १९६० च्या दशकापासून आली, त्यातली बरीचशी कापडाच्या गिरण्यांत कामाला. गिरण्या गेल्या, खानावळी राहिल्या. माझे आजोबा परळला गिरणीत होते, त्यामुळे या गल्लीकडे बघताना माझी नजर पहिल्यापासूनच मऊ. बिल बघताना मात्र नाही.

कोंबडीबद्दल तक्रार शून्य. पोयो आ ला ब्रासा, म्हणजे ही कोळशावर भाजलेली कोंबडी, काही इंकांच्या काळातली पाककृती नाही. १९५० मध्ये लिमाजवळ एका स्विस माणसानं ती सुरू केली, आणि एकाच वेळी अनेक कोंबड्या फिरवणारं यंत्र त्याच्या दुसऱ्या स्विस दोस्तानं बनवून दिलं. तरी पेरूत जुलैचा तिसरा रविवार हा या कोंबडीचा राष्ट्रीय दिवस असतो. आम्ही हे माहीत नसताना नेमके त्याच दिवशी गेलो आणि सव्वा तास फुटपाथवर उभे राहिलो. तुम्ही जाऊ नका. एरवी जिरं, लसूण, सोया सॉस मुरलेली कोंबडी, कातडी कुरकुरीत आणि आत हाडापर्यंत रस. सोळा खेपांत एकदाच कोरडी निघाली, तीही रात्री नऊनंतर.

पण मी जातो ते चटणीसाठी. अही वेर्दे. पोपटी रंग, साय धरल्यासारखी दाट, आधी गार लागते आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला ठसका देते. कोंबडीला लावा, युकाला लावा, नुसत्या भातावर घ्या. माझा मुलगा बोट घालून डबी पुसून काढतो आणि मी त्याला ओरडत नाही, कारण उरलेली दुसरी डबी मला हवी असते.

फेब्रुवारीत अख्ख्या कोंबडीबरोबर तीन डब्या यायच्या, आणि मागितल्यावर आणखी दोन हसतमुखानं. एप्रिलमध्ये तीनच्या दोन झाल्या. मी काही बोललो नाही. जूनमध्ये डबी काठोकाठ भरायची बंद झाली. हे मला नुसतं वाटत नव्हतं. घरी आणलेली डबी मी चमच्यानं मोजली. दोन औंसाच्या डबीत चार मोठे चमचे बसतात, तीन निघाले. बायको म्हणाली, “ऑफिसात एवढं लक्ष दिलं असतंस तर!” आणि आता हे पाऊण डॉलर.

काउंटरवर साठीतल्या एक बाई असतात. मी त्यांना सेन्योरा म्हणतो, त्या मला ‘मिस्टर वेर्दे’. यावरून काय ते ओळखा. मी बिल पुढे करून विचारलं, आधी तर फुकट होतं? त्या म्हणाल्या, मेयॉनीज महाग, लिंबं महाग, सगळंच महाग. मी म्हटलं, मग कोंबडीचे वाढवा, पण चटणीचे पैसे? पुण्यात वडापावाबरोबरच्या चटणीचे वेगळे पैसे मागितले तर लोक दुकान बंद पाडतील. हे वाक्य मी इंग्रजीत सुरू केलं, स्पॅनिशमध्ये अडकलो आणि मराठीत संपवलं. मागची रांग शांतपणे बघत होती. शेवटी पैसे दिले. टिप दिली, पण नेहमीपेक्षा कमी.

ठरवलं, घरी करायची. इंटरनेटवर हालापेन्यो मिरची, कोथिंबीर, लसूण, लिंबू, चीज, मेयॉनीज अशी यादी मिळाली. केली. सँडविचची हिरवी चटणी झाली. चांगली झाली होती, पण सँडविचचीच. काहीतरी कमी होतं आणि ते काय हे सांगता येत नव्हतं.

इथपर्यंतचं सगळं त्याच आठवड्यात रागात लिहिलं होतं आणि तीन आठवडे फोनमध्ये पडून होतं. पुढचं नंतरचं.

त्याच रस्त्यावर पेरूव्हियन वाणसामानाचं एक दुकान आहे. तिथल्या पोरानं माझी यादी वाचली आणि नुसता म्हणाला, “वाकाताय?” काळपट हिरव्या पेस्टची एक बाटली काढून दिली. सव्वापाच डॉलर. गाडीत बसून झाकण उघडलं आणि एकदम दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पोचलो: तोरण ओवताना झेंडूची पानं चुरगळली की बोटांना येतो तो वास, त्यात पुदिन्याची झाक. नंतर वाचलं तर वाकाताय खरंच झेंडूच्या कुळातलं निघालं, टॅजेटीस मिन्युटा. म्हणजे आपण ज्याची तोरणं बांधतो, त्याच्या भावकीची हे लोक चटणी वाटतात.

पाव बाटली घालून पुन्हा केली. जमली. अगदी ती नाही, पण त्याच घरातली. दहा डब्या भरल्या आणि सवयीनं हिशेब मांडला: वाकाताय, चीज, मेयॉनीज, मिरच्या, लिंबं धरून डबीला सुमारे ४० सेंट. माझी पाऊण तासाची मजुरी वेगळी. मिक्सरच्या भांड्याच्या रबराखाली अडकलेलं चीज टूथब्रशनं काढलं, ती वेगळी. तेव्हा कबूल करतो, पाऊण डॉलर ही लूट नाही. पण मग भिंतीवरच्या पाटीवर लिहा ना! माझं भांडण आता तेवढंच आहे.

या भानगडीत बाकीचं राहूनच जातंय. बीफ खात नसाल तर लोमो साल्तादो (बीफचं) न मागता पोयो साल्तादो (कोंबडीचं) मागा. कांदा-टोमॅटो सोया सॉसमध्ये मोठ्या आचेवर परतलेला, त्यातच तळलेला बटाटा आणि वर भात. पेरूत गेलेल्या चिनी लोकांची ही देणगी. सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, दुपारीच खावं. लिमातही ते दुपारचंच जेवण मानतात. कच्च्या माशाला नाकं मुरडणाऱ्यांनी निदान खाली उरलेला लिंबाचा तिखट रस चमच्यानं प्यावा, आपल्या बांगडा खाणाऱ्यांना कळेल. सोबत रताळ्याची फोड येते ती टाकू नका. शाकाहारी मंडळींनी घेवड्याची उसळ मागण्याआधी त्यात डुकराची चरबी आहे का ते विचारावं. आमच्या इथे आहे. इंका कोला हे १९३५ पासूनचं पिवळंधमक प्रकरण मुलाला आवडतं, मला विरघळलेल्या लिमलेटच्या गोळ्या प्यायल्यासारखं वाटतं.

मे महिन्यात आई आली. ती शाकाहारी, अंडंही नाही, म्हणून तिला न्यायला मी टाळाटाळ करत होतो. युका बघून म्हणाली, “हे काय?” म्हटलं, “साबुदाणा ज्या कंदापासून करतात ना, तोच.” “म्हणजे एकादशीला चालेल की रे!” मी म्हटलं, “तळणीच्या तेलाची चौकशी करू नकोस, म्हणजे झालं.” तिनं प्लेट अलगद माझ्याकडे सरकवली. जांभळ्या सरबताचा एक घोट घेतला: “कोकमात लवंगा कुणी घातल्या?”

पण तिथे फक्त शनिवार-रविवारी पिकारोनेस करतात, वेगळ्या छोट्या कढईत, समोरच्या काचेमागे. आई काचेला नाक लावून उभी राहिली. आतली बाई पाण्यात बोटं बुडवायची, सैलसर पिठाचा गोळा उचलायची, अंगठ्यानं मध्ये भोक पाडून एका झटक्यात तेलात सोडायची. “मेदुवड्याचा हात आहे,” आई म्हणाली. पीठ लाल भोपळा आणि रताळ्याचं, वरून चांकाकाचा पाक, म्हणजे चक्क गूळ, दालचिनी-लवंग घालून उकळलेला. पहिला घास घेऊन ती थांबली. “अरे, हे तर घारगे. फक्त गूळ आत घालायच्या ऐवजी बाहेर ठेवलाय.” मग काचेमागच्या बाईला हातवारे करून मराठीत सांगितलं की कणीक जरा जाडसर घे, खुसखुशीत होतील. ती बाई हसून मान डोलवत होती. काय समजली देव जाणे. आई ऑक्टोबरात परत जाईपर्यंत मग दर दुसऱ्या शनिवारी यायची, चार पिकारोनेस खायची.

चटणीच्या भांडणानंतर तीन आठवड्यांनी, परवा, गेलो. वाणसामानाच्या दुकानातल्या पोरानं मला एक शब्द शिकवून ठेवला होता: यापा. मूळ केचुआ भाषेतला. बाजारात घेतलेल्या मालावर वरून जे थोडं फुकट मिळतं ते. भाजीवालीनं न मागता पिशवीत टाकलेली कोथिंबीर-मिरची, तेच. पेरूत लोक हक्कानं मागतात म्हणे. मी चार डब्या मागितल्या, तीन डॉलर दिले आणि हात तसाच पुढे ठेवून विचारलं, “इ ला यापा?”

सेन्योरांनी मान वर केली, आतल्या स्वयंपाकघराकडे वळून काहीतरी ओरडल्या, आतून दोघं-तिघं हसले. मग एक डबी आली, काठोकाठ, झाकण लावताना बाहेर ओघळलेली. पाटीवर अजूनही काही लिहिलेलं नाही. पाच डब्यांचे तीन डॉलर, डबीला साठ सेंट पडले. पाच पैकी चार तारे.